भरपाईचा दावा नाकारला, आता पुढे काय? पुण्यातल्या कामगारांसाठी पायरी-पायरीने

कंपनीचं पत्र येतं: 'सदर अपघाताशी कंपनीचा संबंध नाही.' किंवा विमा कंपनी कळवते की घटना पॉलिसीच्या अटींत बसत नाही. बऱ्याचदा लेखी काहीच येत नाही, एचआरवाले साहेब फोन उचलायचे बंद होतात एवढंच. घरात मात्र तिन्हींचा अर्थ सारखाच काढला जातो: दावा संपला. खरं तर भरपाई द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार मालकाला नाही, ठेकेदाराला नाही आणि विमा कंपनीलाही नाही. तो कर्मचारी भरपाई आयुक्ताचा आहे, आणि त्यांच्यापुढे अजून कोणी गेलेलंच नसतं.

लोक चुकतात ते इथेच. पोलिस चौकी, नगरसेवक, ओळखीचा युनियनवाला अशा फेऱ्या सुरू होतात, 'पुढच्या महिन्यात बघू' ऐकत दिवस जातात आणि दोन वर्षांची मुदत टळून जाते. दुसरी चूक क्रमाची. आधी रागाने नोटीस पाठवायची आणि मग कागद शोधायचे. तोवर हजेरीचं मस्टर बदललेलं असतं आणि शेजारच्या मशिनवरच्या साक्षीदाराला समज मिळालेली असते.

पायरी १ : कुठे जायचं ते आधी ठरवा

तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील, तर बहुतेक वेळा तुम्ही ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा योजनेखाली) येता. मग भरपाई ईएसआय महामंडळाकडून मिळते आणि भरपाई आयुक्तांकडे तोच दावा करता येत नाही. तिथे केस टाकली तर वर्ष-दीड वर्षाने याच मुद्द्यावर ती फेटाळली जाते, म्हणून ही तपासणी सगळ्यांत आधी.

'मालकाने माझं ईएसआय भरलंच नव्हतं' ही तक्रार भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये नेहमीची. काही ठिकाणी तर नोंदणी अपघाताच्या दिवशीच होते, बोट गेल्यावर. घाबरू नका. कारखाना ईएसआय कायद्याखाली येत असेल तर मालकाने वर्गणी बुडवली म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळाने लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी कायद्यातच तरतूद आहे. बिबवेवाडीच्या ईएसआय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

ईएसआयनेच नकार दिला तर तो दोन प्रकारचा असतो. 'हा कामावरचा अपघातच नाही' असं म्हटलं असेल तर कर्मचारी विमा न्यायालयात जायचं, मुदत तीन वर्षं. अपघात मान्य आहे पण मेडिकल बोर्डाने अपंगत्वाची टक्केवारी कमी लावली असेल, तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट विमा न्यायालयात दाद मागायची. त्यासाठी निर्णय कळल्यापासून फक्त तीन महिने असतात. बोर्डाचं पत्र कपाटात ठेवून देणारे इथे फसतात.

ईएसआय लागू नसेल तर रस्ता भरपाई आयुक्तांचा. रोजंदारीवाला, तात्पुरता, ठेकेदाराकडचा, सगळे यात येतात. पुण्यात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून काम पाहतात. कामगार आयुक्तांचं कार्यालय वेगळं. तिथे पगार-बोनसच्या तक्रारी चालतात, तिथल्या अर्जाने भरपाईची मुदत थांबत नाही.

कामावर असताना वाहनाने धडक दिली असेल तर तिसरा पर्याय उघडतो: मोटार अपघात न्यायाधिकरण. दोन्हीकडे दावा करता येत नाही, एक निवडावा लागतो. न्यायाधिकरणात पगाराला कमाल मर्यादा नाही, त्यामुळे चांगला पगार असणाऱ्याला तिथे सहसा जास्त मिळतं. मात्र समोरच्या चालकाची चूक दाखवावी लागते आणि २०२२ पासून तिथे सहा महिन्यांची मुदत आहे. दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला तर भरपाई आयुक्तांचा दरवाजा बंद होतो, हेही विसरू नका.

*तपासून घ्या :* अपघाताची तारीख कोणती? २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा भरपाई कायदा व ईएसआय कायदा तिच्यात सामावले. आराखडा तोच आहे, कलमांचे क्रमांक बदलले. आधीच्या अपघाताचा दावा जुन्या कायद्याच्या नावाने, नंतरचा संहितेखाली. पुढे दिलेले आकडे जुन्या कायद्यातले आहेत. नंतरच्या अपघाताला त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना पाहावी.

पायरी २ : गवगवा न करता कागद जमवा

सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे दवाखान्यातला पहिला केसपेपर. त्यावर वरच्या दोन-तीन ओळींत डॉक्टरांनी 'कसं लागलं' ते लिहिलेलं असतं. कामगार वेदनेने तळमळत असतो, सोबत आलेला सुपरवायझर माहिती सांगतो आणि प्रेस मशिनमध्ये सापडलेला हात कागदावर 'घराच्या दारात अडकून' किंवा 'गाडीवरून पडून' असा उतरतो. पुढे विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तीच ओळ वाचून दाखवतो. तुमच्या चार साक्षीदारांपेक्षा ती जड जाते.

म्हणून डिस्चार्जच्या आधीच केसपेपर वाचा, इंग्रजी येत नसेल तर वाचून घ्या. चुकीचं लिहिलं असेल तर रुग्णालयाच्या अधीक्षकांना त्याच आठवड्यात लेखी पत्र द्या: खरी घटना काय, कोणत्या मशिनवर, किती वाजता, आणि माहिती कोणी सांगितली. मूळ कागदावर खाडाखोड करून घेऊ नका. त्याने उलट संशय वाढतो. मेडिको-लीगल नोंद (दवाखान्याने पोलिसांना कळवलेली केस) झाली असेल तर पोलिसांपुढच्या जबाबात खरी घटना येऊ द्या, आणि जबाब वाचल्याशिवाय सही करू नका.

दुसरा ढीग नोकरीच्या पुराव्याचा. नेमणूकपत्र बहुतेकांकडे नसतंच. चालतं. गेटपास, ओळखपत्र, पीएफचं पासबुक, बँकेत किंवा फोनवर जमा झालेला पगार, ठेकेदाराचे शिफ्टचे व्हॉट्सअॅप मेसेज, कंपनीच्या नावाचा टी-शर्ट घालून मशिनपाशी काढलेला फोटो, या सगळ्याला किंमत आहे. मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. मूळ फोन जपून ठेवा, मेसेज डिलीट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करून देतात.

दोन साक्षीदारांची नावं, गावाचे पत्ते आणि फोन लिहून ठेवा. गावाचे एवढ्यासाठी, की परप्रांतीय मुलगा सहा महिन्यांत चाकणहून रांजणगावला जातो आणि नंबर बदलतो.

कारखान्यातला गंभीर अपघात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे त्याची सूचना गेलेली असायला हवी. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने चौकशी अहवालाची प्रत मागा. सूचना दिलीच नव्हती असं उत्तर आलं, तर तेही तुमच्याच कामाचं.

*धोका :* या काळात पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही मागितली जाते: 'ठरलेली रक्कम मिळाली, यापुढे काही मागणी नाही.' मृत्यू झाला असेल तर हा कागद तेराव्याच्या आतच घरी येतो. कायद्याखालचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक ठरतो, पण तो निरर्थक आहे हे सिद्ध करण्यात वर्ष जातं. मृत्यूची भरपाई तर मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते. परस्पर वारसांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही, कायद्यात चालणाऱ्या आगाऊ रकमेपुरती सवलत वगळता.

पायरी ३ : डॉक्टरांचा योग्य दाखला

ससूनमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणलं की झालं, असं अनेकांना वाटतं. ते प्रमाणपत्र शरीराचा किती भाग निकामी झाला ते सांगतं. भरपाई मोजली जाते ती कमाईची क्षमता किती गेली त्यावर. टेम्पोचालकाचा गुडघा २० टक्के निकामी झाला, पण क्लच दाबता येत नसेल तर त्याचं कमाईचं नुकसान २० टक्के कसं म्हणणार? म्हणून नोंदणीकृत डॉक्टरांकडून वेगळा दाखला घ्या. त्यात तुमचं नेमकं काम, त्यातल्या हालचाली आणि आता काय जमत नाही हे लिहिलेलं हवं. आणि हे डॉक्टर साक्षीला येतील ना, ते आधीच विचारा. न येणाऱ्या मोठ्या डॉक्टरपेक्षा येणारा साधा ऑर्थोपेडिक बरा.

काही इजांची टक्केवारी कायद्याच्या परिशिष्टातच आहे: पूर्ण अंगठा ३०, एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चारही बोटं ५०, एक डोळा (दुसरा शाबूत असताना) ४०. पण तेवढ्यावर गप्प बसायचं कारण नाही. डावा हात गमावलेल्या सुताराला सुताराचं काम करताच येणार नाही, म्हणून त्याचं नुकसान १०० टक्के, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच धरलं आहे.

आता हिशेब. भोसरीतलं सहा माणसांचं वर्कशॉप, ३० वर्षांचा प्रेस ऑपरेटर, पगार १८,०००, पूर्ण अंगठा गेला. मोजणीसाठी पगार १५,००० पर्यंतच धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. कायद्याच्या तक्त्यात तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०, आणि त्याचे ३० टक्के ५,६१,५४६ रुपये. मृत्यू असता तर ६० ऐवजी ५० टक्क्यांनी सुरुवात केली असती. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च यात येत नाही, तो मालकाने वेगळा द्यायचा असतो. 'दवाखान्याचं बिल आम्ही भरलं, ते वजा करा' हे चालत नाही.

कंपनी पन्नास हजार देऊ करते तेव्हा हा आकडा खिशात असावा.

पायरी ४ : नोटीस

एक पान पुरे. अपघाताची तारीख, वेळ, जागा, मशिन, इजा, पगार, वय, आणि मागणी. मूळ कंपनी आणि ठेकेदार दोघांच्या नावाने, नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. विमा पॉलिसीचा क्रमांक आणि कंपनीचं नाव मागा. नकाराचं कारण लेखी मागा. शिव्या, 'तुमची वाट लावीन', मंत्र्याची ओळख यातलं काही लिहू नका, हा कागद न्यायाधीश वाचणार आहेत.

नोटीस मिळाल्यावर मालकाने तीन दिवसांत मोफत वैद्यकीय तपासणी देऊ केली तर जा. गेला नाहीत तर तेवढा काळ भरपाईचा हक्क थांबतो. तपासणीला घरचं माणूस सोबत न्या आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

पायरी ५ : आलेलं कारण तपासा

*'तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे.'* कंपनीच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदाराने लावलेल्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. नंतर त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला मामला.

*'चूक त्याचीच होती.'* निष्काळजीपणा हा बचाव नाही. बचाव तीनच: नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणं, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे तिन्हीही चालत नाहीत. प्रेसचा सेन्सर 'प्रॉडक्शन निघत नाही' म्हणून सुपरवायझरनेच बंद करायला लावला असेल, तर ते साक्षीदाराच्या तोंडून यायला हवं.

*'कामावर येताना रस्त्यात झालं.'* हे कारण आता पूर्वीइतकं भक्कम राहिलेलं नाही. धाराशिव भागातल्या साखर कारखान्याचा रखवालदार ड्युटीवर जाताना अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की घर ते कामाची जागा या प्रवासाची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला तर तो कामावरचाच अपघात. म्हणून ड्युटीची वेळ आणि नेहमीचा रस्ता यांचा पुरावा ठेवा. मधे लग्नाला थांबला होता, असं निघालं तर कठीण.

*'हार्ट अटॅक होता, अपघात नाही.'* सगळ्यांत अवघड प्रकार. कामाच्या ताणाने झटका आला हे वारसांनाच दाखवावं लागतं. सलग डबल शिफ्ट, भट्टीजवळचं काम, आदल्या दिवशी तब्येतीची तक्रार करूनही सुट्टी नाकारली, याचा कागद किंवा साक्षीदार हवा. 'तो कामावर असताना गेला' एवढं पुरत नाही.

*'विमा कंपनीने क्लेम रिजेक्ट केला.'* हा त्या दोघांमधला वाद. पॉलिसी संपलेली असो वा नसो, मालकाची जबाबदारी तशीच उभी राहते.

पायरी ६ : अर्ज

अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. 'साहेब देणार म्हणाले होते' म्हणून मुदत वाढत नाही. उलटली असेल तर अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज द्या आणि कारण तारखांसह लिहा: कधीपर्यंत दवाखान्यात, कधी दुसरं ऑपरेशन. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात.

अपघात पुण्यात झाला असेल तर अर्ज पुण्यात. पण कामगार किंवा वारस बीडला किंवा नांदेडला परत गेले असतील तर ते राहतात तिथल्या आयुक्तांकडेही अर्ज करता येतो. विधवा बाईने दर तारखेला एसटीने पुण्याला यायची गरज नाही. हे फार कमी जणांना कोणी सांगतं.

विरुद्ध पक्षात ठेकेदार, मूळ मालक आणि विमा कंपनी तिघांनाही घाला. एकाला वगळलं तर तोच खरा जबाबदार निघतो, असा अनुभव आहे. मृत्यूच्या दाव्यात पत्नी, मुलं, आई-वडील, सगळ्या अवलंबितांची नावं हवीत. सासू-सुनेचं पटत नाही म्हणून सासूचं नाव गाळलं, की ती पुढे वेगळा अर्ज घेऊन उभी राहते आणि रक्कम अडकून पडते.

मागणीत भरपाईसोबत व्याज आणि दंड स्पष्ट मागा. देणं लागू झाल्यापासून महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, वरच्या उदाहरणात वर्षाला सुमारे ६७ हजार. उशिराला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, आणि तो सहसा विमा कंपनीवर पडत नाही, मालकाच्या खिशातून जातो. तडजोडीच्या टेबलावर मालक मऊ होतो तो याच ओळीमुळे.

वकिलाला पैसे नाहीत? औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळतं, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींनाही. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. 'निकालाच्या वीस टक्के द्या' म्हणणाऱ्या वकिलापासून लांब राहा. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवायला वकिलांना मनाई आहे.

पायरी ७ : तारखा आणि साक्ष

कायदा तीन महिन्यांत निकाल द्यायला सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. तरी तारीख चुकवू नका, गैरहजेरीत अर्ज निकाली निघू शकतो.

सरतपासणी, म्हणजे तुमची स्वतःची पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते. सही करण्याआधी ते स्वतःच्या भाषेत समजून घ्या, कारण उलटतपासणीत प्रश्न त्यावरूनच येतात. पगार फुगवून सांगू नका. १५,००० च्या वर तसाही फायदा नाही, आणि एक खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही शंका येते. सध्या दुसरीकडे हलकं काम करत असाल तर लपवू नका, आधी किती मिळायचे आणि आता किती ते सांगा.

लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर हिशेबाचा कागद घेऊन बसा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. बाहेर परस्पर तडजोड झाली तर ती आयुक्तांकडे नोंदवून घ्या.

पायरी ८ : निकालानंतर

अर्ज फेटाळला किंवा रक्कम कमी दिली तर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. वादाची रक्कम किमान १०,००० हवी आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न हवा. 'साक्षीदारावर विश्वास ठेवायला हवा होता' एवढ्यावर अपील टिकत नाही. पुणेकरांना त्यासाठी मुंबईच गाठावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सुरू झालेल्या सर्किट बेंचकडे सातारा, सांगली, सोलापूर गेले, पुणे नाही.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि मालक अपिलात गेला, तर आधी त्याला ठरलेली रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते. त्याचा दाखला नसेल तर अपील दाखलच होत नाही. म्हणून साठ दिवस उलटले की पहिली चौकशी हीच करा: रक्कम जमा झाली का?

झाली नसेल आणि अपीलही नसेल तर वसुलीचा अर्ज द्या. आयुक्त वसुली दाखला काढतात आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दाखला महसूल कार्यालयात गेला की तो कोणत्या टेबलावर आहे ते दर पंधरवड्याला लेखी विचारत राहा. मालकाची जमीन, शेड, मशिनरी, बँक खातं यांची माहिती तुम्हीच जोडून दिलीत तर काम लवकर हलतं. वर्कशॉप भाड्याच्या शेडमध्ये असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण निकालाची कुणकुण लागताच प्रेस रातोरात दुसऱ्या नावाने दुसऱ्या गाळ्यात जाते. तशी शंका असेल तर निकालाची वाट न पाहता, केस चालू असतानाच वकिलामार्फत आयुक्तांच्या कानावर लेखी घाला.

इमारतीवरच्या कामगाराच्या घरच्यांनी एक जास्तीचा अर्ज करायचा. तो महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीकृत असेल तर कामावर असताना झालेल्या मृत्यूसाठी मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात. ही मदत बिल्डरकडच्या भरपाईपेक्षा वेगळी आहे. तिच्यासाठी निकालापर्यंत थांबायची गरज नाही, पण नोंदणी जिवंत होती ना, नूतनीकरणाची पावती कुठे आहे, ते आजच शोधा.